बनियनवरचा डाग: गावातल्या पुरुषांशी स्तनाच्या कॅन्सरबद्दल कसं बोलायचं

गेली चार वर्षं मी गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या गावांत जाऊन पुरुषांना दहा मिनिटं थांबवतो आणि एका विषयावर बोलतो. पुरुषांना होणारा स्तनाचा कॅन्सर. मी डॉक्टर नाही. वाळपईजवळच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. घरची काजूची बाग आहे. वयाच्या ६१व्या वर्षी हा रोग मला झाला. तुमच्या गावातही कोणीतरी हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून चुकतमाकत जे शिकलो ते इथे लिहून देतो.

सुरुवात डागापासून करा

रोगाच्या नावापासून सुरुवात केलीत तर दुसऱ्या मिनिटाला माणसं मोबाईल काढतात. मी बनियनपासून सुरुवात करतो, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात तो असतो.

एप्रिलचा महिना होता, काजूचा हंगाम. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिळताना रस कपड्यावर उडाला की तो तपकिरी डाग जन्मात जात नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून हंगामाचे बनियन वेगळेच ठेवलेले असतात. एका सकाळी बायको विहिरीजवळच्या दगडावर कपडे धूत होती. तिने माझे तीन बनियन एकाशेजारी एक पसरले आणि मला हाक मारली. "अहो, काजूचा डाग रोज एकाच जागी कसा पडतो?"

तिन्ही बनियनांवर डाव्या बाजूला, चार आण्याच्या नाण्याएवढा, एकाच उंचीवर डाग होता. मी आरशासमोर उभा राहिलो. छातीवरचं डावं बोंड (स्तनाग्र) आत ओढल्यासारखं झालं होतं आणि त्यावर बारीक खपली धरली होती. मागे बोट दाबलं तर सुपारीसारखं टणक काहीतरी लागलं. दुखत मुळीच नव्हतं. रोज आंघोळीला त्याच जागेवरून साबण फिरत होता, तरी मला पत्ता नव्हता.

पुढचं मी लपवत नाही आणि तुम्हीही लपवू नका. जवळच्या एका दवाखान्यात गेलो. गळू असेल म्हणून दोन आठवड्यांच्या गोळ्या आणि मलम मिळालं. गाठ तशीच राहिली. मग पाऊस सुरू झाला, लावणी आली, चवथ (गणेशचतुर्थी) आली, आणि "दुखत तर नाही" म्हणत मी घरीच राहिलो. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीच्या ओपीडीत पोचलो तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. डाग दिसल्यापासून सुईची तपासणी होईपर्यंत पाच महिने गेले. त्यातले दोन आठवडे गोळ्यांचे, बाकी सगळे माझे. गाठ अडीच सेंटिमीटरची झाली होती आणि काखेतल्या दोन गाठींपर्यंत रोग पोचला होता.

तो एक बनियन बायको टाकून देणार होती. मी ठेवून घेतला. बोलायला जाताना तो आणि काजूच्या डागाचा दुसरा बनियन, असे दोन्ही नेतो. लोकांच्या हातात देतो आणि विचारतो, यातला रक्ताचा कुठला? पहिल्या नजरेला कोणालाच सांगता येत नाही.

तुमच्याकडे अशी स्वतःची गोष्ट नसेल तर जगाला ठाऊक असलेली एक सांगा. गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये आपल्याला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्यांनाही आधी सदऱ्यावर रक्ताचे ठिपके दिसले होते, आणि चादरीवरचे ठिपके पाहिले होते त्यांच्या बायकोने. माझ्या मुलीने ती मुलाखत मला फोनवर दाखवली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कुठे अमेरिका आणि कुठे आमच्या विहिरीवरचा दगड.

कुठला शब्द वापरायचा

यावर माझे पहिले दोन-तीन कार्यक्रम वाया गेले. साखळी शहराजवळच्या एका देवळाच्या मंडपात मी फळ्यावर मोठ्या अक्षरात "पुरुषांतील स्तन कर्करोग" असं लिहिलं. मागची तरुण पोरं एकमेकांकडे पाहू लागली, वडीलधाऱ्यांनी माना खाली घातल्या. पुढच्या गावी शब्द बदलून "छातीचा कॅन्सर" म्हटलं. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी एकाने विचारलं, "मास्तर, म्हणजे विडी सोडली की झालं न्हय?" तो सगळा वेळ फुप्फुसाचा विचार करत होता. आपल्याकडे छाती म्हटली की एक तर काळीज, नाहीतर दमा.

आता मी "बोंडामागची गाठ" म्हणतो. काजूच्या बागेतल्या माणसाला बोंड शब्द परका नाही, आणि बोट नेमकं कुठे ठेवायचं तेही त्यात आलं. पाच मिनिटं झाली, माणसं सैल झाली, की मग सांगतो, याला डॉक्टर स्तनाचा कॅन्सर म्हणतात. हा शब्द गाळायचा मात्र नाही. उद्या केसपेपरवर तोच लिहिलेला असणार. तिथे तो पहिल्यांदा वाचून माणूस घाबरला आणि उठून गेला, तर आपलं बोलणं फुकट.

"पुरुषाला स्तन असतो का?" असं कोणीतरी विचारतंच. उत्तर सोपं आहे. वयात येईपर्यंत मुलाची आणि मुलीची छाती आतून सारखीच असते. पुढे मुलीची वाढते, मुलाची तिथेच थांबते. पण बोंडामागे दुधाच्या नळ्यांचा छोटासा भाग आयुष्यभर राहतो, आणि हा कॅन्सर बहुतेक वेळा त्या नळ्यांतच सुरू होतो. शाळेत पाचवीच्या मुलांना समजेल एवढीच ही गोष्ट आहे. तशीच सांगा.

किती सांगायचं

घाबरवायचं नाही. स्तनाच्या कॅन्सरचे शंभर रोगी घेतले तर त्यांत पुरुष जेमतेम एक. हे मी सगळ्यांत आधी सांगतो. समोर बसलेल्या चाळीस जणांपैकी बहुधा कोणालाच तो होणार नाही, पण ज्याला होईल त्याने माझ्यासारखे पाच महिने घालवू नयेत, एवढ्यासाठीच मी आलोय. असं म्हटलं की लोक मोकळेपणाने ऐकतात.

मग कोणाला होतो ते. बहुतेक साठीच्या पुढे, तरी तरुणाला होतच नाही असं नाही. घराण्यात आई, बहीण, आत्या, मावशी यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर धोका वाढतो. वडिलांकडचं नातंही तितकंच धरायचं, हे लोकांना ठाऊक नसतं. लठ्ठपणा, पूर्वी कधी छातीवर घेतलेलं रेडिएशन, वृषणाचे काही आजार, जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त असणं ही आणखी कारणं. आणि दारूने लिव्हर कामातून गेलेलं असणं. लिव्हर बिघडलं की पुरुषाच्या अंगातलं स्त्री-हार्मोनचं प्रमाण वाढतं. हे मी काजूची दारू गाळायच्या भट्टीवर उभं राहूनही सांगतो, आणि आमच्या घरची भट्टी तीन पिढ्यांची आहे. ज्याला जे लागू पडतं ते त्याच्यापासून लपवणं बरं नव्हे.

सदऱ्याच्या खिशात मोबाईल ठेवल्याने होतो का, हा प्रश्न हमखास येणार. घट्ट बनियनने होतो का, हाही. तसं सिद्ध झालेलं नाही, असं स्पष्ट सांगा आणि पुढे चला.

खुणा सांगताना पाठांतर नको. बोंडामागे किंवा जरा बाजूला टणक, न दुखणारी गाठ. बोंड आत ओढलं जाणं. बोंडातून पाणी किंवा रक्त. न भरणारी खपली किंवा जखम. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणं किंवा तिला खळी पडणं. काखेत गाठ. "न दुखणारी" हा शब्द मी तीनदा उच्चारतो. कारण आपल्या माणसाचं माप एकच, दुखतं का? नाही? मग चालतंय. या रोगात सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

सुपारी आणि रबरी वॉशर

नुसत्या बोलण्याने बोटांना काही कळत नाही. मी दोन जाड रुमाल नेतो. एकात फोडलेल्या सुपारीचं खांड शिवलेलं आहे, दुसऱ्यात नळाचा जुना रबरी वॉशर. दोन्ही रांगेतून फिरवतो. वॉशर बोटाखाली लवचीक लागतो, गोल, मऊ, मधोमध. पुरुषांच्या बोंडामागे अशी रबरासारखी चकती होणं पुष्कळदा घडतं. वयात येणाऱ्या पोरांत, म्हाताऱ्यांत, काही गोळ्या चालू असलेल्यांत. ती बहुधा दाबल्यावर दुखते आणि कॅन्सर नसते. सुपारी टणक, कडा ओबडधोबड, आणि बहुतेक वेळा बोंडाच्या मधोमध न येता एका अंगाला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची. हा फरक आपण ओळखण्यासाठी नाहीच. मऊ लागली तरी डॉक्टरकडे जायचं, टणक लागली तर उद्याच जायचं. रुमाल फक्त बोटांची ओळख करून देण्यासाठी.

मग हात दाखवतो. आंघोळीच्या वेळी, साबण लावलेला असताना. डावी बाजू पाहायची तर डावा हात डोक्यामागे, उजव्या हाताची मधली तीन बोटं सपाट ठेवून लहान लहान गोल. गळ्याखालच्या हाडापासून बरगड्यांपर्यंत, मधल्या हाडापासून काखेपर्यंत, आणि शेवटी बोंडामागे. मग दुसरी बाजू. एक मिनिटही लागत नाही. ज्याच्या घराण्यात कॅन्सर आहे त्याने पस्तिशीपासून महिन्यातून एकदा हे करावं आणि वर्षातून एकदा डॉक्टरकडून छाती तपासून घ्यावी. बाकीच्यांनी तारीख धरून बसायची गरज नाही. आपली छाती हाताला कशी लागते ते ठाऊक असलं की बदल कळतो.

फक्त पुरुष असतील तर मी सदरा काढतो. डाव्या बाजूला सपाट कातडी, काखेकडे जाणारा तिरका व्रण, बोंड नाही. आपल्याकडे पालखीला, होमाला पुरुष उघड्या अंगाने उभे राहतात, त्यामुळे देवळाच्या अंगणात हे कोणाला वावगं वाटत नाही. त्या क्षणी जी शांतता होते तिच्यात मी काही बोलत नाही. थोडा वेळ जाऊ देतो, मग सदरा घालतो.

कुठे गाठायचं

ऑक्टोबरात गुलाबी फीत लावून सभागृहात जे कार्यक्रम होतात ते बायकांसाठी चांगले आहेत, पण तिथे पुरुष येत नाहीत. या रोगासाठी गुलाबी-निळी अशी जोडफीत आहे. ती लावून गेलात तर लोक विचारतात आणि बोलायला निमित्त मिळतं.

माझा सगळ्यांत चांगला अनुभव दूध सोसायटीचा. सकाळी सहा-साडेसहाला कॅन घेऊन पुरुष रांगेत उभे असतात, कोणाला कुठे पळायचं नसतं, डोकं ताजं असतं. भजन संपल्यावर प्रसाद वाटायच्या आधीची दहा मिनिटंही चांगली. जत्रेच्या आधीची देवस्थानाची बैठक, रविवारची ग्रामसभा, मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणाऱ्या पायलटांचा स्टँड, केस कापायचं दुकान. दुकानदाराला आधी विश्वासात घ्या. गिऱ्हाईक समोर अर्धा तास बसलेलं असतं, आणि तो नंतरही हा विषय चालू ठेवतो. रात्री दारूच्या दुकानात बोलायला जाऊ नका. तिथे दिलेला शब्द सकाळी आठवत नाही.

आणखी एक जागा मला उशिरा सुचली. "स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा" ही बायकांच्या स्तनतपासणीची मोहीम २०२१ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे शिबिर लागलं तेव्हा बायकोला स्कूटरवरून घेऊन आलेले पंधरा-वीस नवरे बाहेर आंब्याखाली उभे होते. विषय आत चालूच होता, बाहेर मी फक्त जोडला. पुरुषांसाठीही यंत्राची अशी सरसकट तपासणी हवी, असं मात्र मी म्हणत नाही. रोग इतका विरळा आहे की त्याने फायदा होणार नाही. खुणा ठाऊक असणं आणि वेळेवर जाणं, एवढंच पुरुषांना लागतं.

बायकांनाही दोन शब्द सांगाच. घरातले बनियन कोण धुतं? पहिला डाग तिलाच दिसतो.

कार्यक्रमानंतर थांबणारा माणूस

सगळं बोलणं याच्यासाठी असतं. तो सभेत प्रश्न विचारत नाही. सगळे गेले की गाडीला किक मारायचं निमित्त करून रेंगाळतो. त्याच्याकडे तुम्ही आधी जायचं नाही, पण घाईने निघायचंही नाही. मी बनियन आणि रुमाल पिशवीत भरायला मुद्दाम वेळ लावतो.

होंडा गावाकडचा एक टिपर चालवणारा असाच थांबला, पंचेचाळिशीचा असेल. "मास्तर, माका जरा पळयशात?" (मला जरा बघाल का?) म्हणाला आणि सदऱ्याची बटणं काढू लागला. मी त्याला तिथेच थांबवलं. हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. आपण दाबून "काही नाही" म्हटलं आणि असलं तर? "आहे" म्हटलं आणि नसलं तर? मी फक्त तीन गोष्टी विचारतो. कधीपासून आहे, एका बाजूला की दोन्हीकडे, आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत. त्याला दोन्हीकडे होतं, दाबलं की दुखत होतं, आणि अंगातलं पाणी कमी करायला हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली एक गोळी वर्षभर चालू होती. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. मनाने गोळी बंद करू नकोस, आणि या आठवड्यात वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात जा. तिथून बांबोळी, तिथे सोनोग्राफी. कॅन्सर नव्हता. गोळीमुळे आलेली सूज होती. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

गावात कोणीतरी म्हणालं, उगाच घाबरवलं मास्तरांनी. त्याचं मला वाईट वाटलं नाही. महिनाभर तो माणूस रात्री छातीवर हात ठेवून झोपत होता. आता नीट झोपतो.

दुसरा बाहत्तर वर्षांचा बागायतदार. त्याच्या सुनेने मला दूध सोसायटीवर गाठलं. सासऱ्यांच्या छातीवर जखम आहे, वर्षभर हळद लावतायत, कोणाला दाखवू देत नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, पोफळीच्या रोगावर बोललो, आणि शेवटी माझा सदरा वर करून व्रण दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आत हाक मारून म्हणाले, "सुने, फाल्यां (उद्या) गाडी सांग." त्यांचा रोग पुढे गेलेला होता, पण गोळ्यांवर ते अजून बागेत फिरतात. अशा माणसाला कधीही "एवढे दिवस काय करत होता?" असं विचारू नका. तो प्रश्न त्याने स्वतःला रोज विचारलेला असतो.

सुईची भीती

"सुई लावली की कॅन्सर पसरतो." हे वाक्य तुम्हाला गोव्याच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल, आणि माणसं तपासणी सोडून पळतात ती याच वाक्यामुळे. याला उत्तर तयार ठेवा. डॉक्टर आधी हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी करतात. संशय असेल तर जागा बधिर करून जाड सुईने गाठीचा शेवयाएवढा तुकडा काढतात. त्याशिवाय नक्की निदान होत नाही आणि कुठलं औषध लागू पडेल तेही कळत नाही. सुईने रोग पसरून माणूस दगावतो हे खरं नाही. थांबल्याने मात्र पसरतो.

मॅमोग्राफीचं आधीच सांगून ठेवा. मी एका केंद्रावर गेलो तेव्हा बाकावर सगळ्या बायका होत्या, आणि छापील फॉर्मवर नावाच्या आधी "श्रीमती" होतं. ते खोडून मी हाताने "श्री" लिहिलं. माझं नाव पुकारल्यावर कर्मचाऱ्याने दोनदा विचारलं, पेशंट कुठे आहे? त्या दिवशी मला उठून जावंसं वाटलं होतं. बायको बरोबर होती म्हणून बसलो. म्हणून ज्याला पाठवाल त्याला सांगा, तिथे बायकाच असतील, कोणीतरी चमकून बघेल, आपण बसून राहायचं. आणि एकट्याने जायचं नाही.

जाताना आधार कार्ड, जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बरोबर ठेवायचं. कार्डाची मुदत घरीच पाहून घ्यावी. कोणाला दुसरं मत घ्यायला मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जायचं असेल तर खुशाल जावं, कोकणकन्येने दादरला उतरलं की जवळच आहे. पण बायोप्सीच्या, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या, स्लाइड आणि ब्लॉक इथल्या प्रयोगशाळेतून मागून घेतल्याशिवाय गाडीत बसू नये. नाहीतर तिथे गेल्यावर पुन्हा ओढाताण होते.

उपचाराबद्दल थोडंच

सविस्तर सांगणं डॉक्टरांचं काम. मी एवढंच म्हणतो, वेळेवर पकडला तर हा बरा होऊ शकणारा कॅन्सर आहे. बहुतेकांचं ऑपरेशन होतं. कोणाला केमो, कोणाला रेडिएशन. पुरुषांच्या या कॅन्सरपैकी दहातले साधारण नऊ हार्मोनवर वाढणारे असतात, म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, सहसा पाच वर्षं. या गोळीने अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, चिडचिड होते, वजन वाढतं, नवरा-बायकोच्या संबंधांतली इच्छा कमी होते. हे शेवटचं कोणी बोलत नाही, आणि पुष्कळ पुरुष त्यापायी गुपचूप गोळी सोडतात. मला मे महिन्यात मध्यरात्री उठून विहिरीवर जाऊन पाणी ओतून घ्यावं लागायचं. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. गोळी मनाने सोडू नका. एका पायाला सूज येऊन दुखू लागलं किंवा अचानक धाप लागली तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं, कारण या गोळीने कधी कधी रक्ताची गुठळी होते.

काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजू शकतो. काजूच्या बिया भाजताना, सोलताना मी आता त्या हातात जाड मोजा घालतो. सालीचं तेल उडून कातडी जळली तर ती जखम महागात पडेल.

मुलीबाळींचं

हे सगळ्यांत कमी सांगितलं जातं. पुरुषाला हा कॅन्सर झाला की बीआरसीए जनुकांची (यांतल्या दोषाने हा कॅन्सर घराण्यात चालत येतो) तपासणी करून घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात, विशेषतः बीआरसीए-२. त्यात दोष असेल तर तो प्रत्येक मुलाला किंवा मुलीला जाण्याची शक्यता निम्मी निम्मी. मुलीला त्यातून स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका, मुलाला स्तनाबरोबर प्रोस्टेटचाही. ठाऊक असेल तर तिला लवकर आणि नेमाने तपासण्या करून घेता येतात.

माझी आत्या स्तनाच्या कॅन्सरने गेली. घरात ती गोष्ट "पोटात गाठ होती" अशी सांगितली जायची. माझ्या आजाराआधी कोणी खरं सांगितलं असतं तर मी तो डाग वेगळ्या नजरेने पाहिला असता. माझा जनुकांचा अहवाल काय आला ते मी कुठेच सांगत नाही, कारण ती माझ्याएवढीच माझ्या मुलीचीही गोष्ट आहे. पण तो आला त्या रात्री तिला आणि माझ्या बहिणीला समोर बसवून वाचून दाखवला. लग्न ठरायच्या वयात मुलीला हे कशाला सांगता, असं नातेवाईक म्हणाले. मी म्हटलं, तिचा जीव ठरलेल्या लग्नाहून मोठा.

पंधरा दिवसांनी

थांबलेल्या प्रत्येक माणसाचा नंबर मी वहीत लिहून घेतो, त्याच्यासमोर, त्याच्या परवानगीने. नावापुढे रोगाचं काहीही लिहीत नाही, फक्त तारीख. वही दुसऱ्या कोणाला दाखवत नाही, घरातही नाही. पंधरा दिवस झाले की संध्याकाळी फोन करतो, कारण दिवसा माणूस चार जणांत असतो. "गेलास का?" एवढंच विचारतो. गेला असेल तर डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून घेतो. "जातो, जातो" म्हणाला तर पुढच्या सोमवारी वाळपईच्या स्टँडवर त्याला बोलावतो, आणि पणजीला जाणाऱ्या पहिल्या कदंब बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसतो.